ॲनालॉग कॅब सिम्युलेटर: पेडलबोर्ड थेट इंटरफेसमध्ये लावला की आवाज एकतर चरचरतो, नाहीतर दबतो

कोलशेतची_सहावी_तार

नमस्कार मंडळी. ठाण्यात, घोडबंदर रोडच्या बाजूला फ्लॅटमध्ये वाजवतो. रात्री दहानंतर ॲम्प लावायची सोय नाही, म्हणून सगळं हेडफोनवर. सध्याची साखळी अशी: गिटार (ब्रिजला हंबकर), ट्यूनर, ट्यूबस्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, जोयो अमेरिकन साउंड, डिले, आणि शेवटी ॲनालॉग स्पीकर सिम्युलेटर (गिटार कॅबिनेटच्या स्पीकरसारखा आवाज घडवणारी पेटी). त्यावर माइकचा एक स्विच आहे, मध्य आणि कड असा. तिथून ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार संगणकाला जोडणारी पेटी) पहिल्या इनपुटला.

अडचणी अशा:

१. सिम्युलेटर चालू केला की आवाज दबतो, बंद केला तर बरा वाटतो. पण अमेरिकन साउंड बंद करून नुसता डिस्टॉर्शन ठेवला आणि सिम्युलेटरही बंद केला, तर असह्य चरचर.
२. माइकचा स्विच नेमकं काय करतो? फरक जेमतेम जाणवतो.
३. १५ वॅटचा ट्यूब ॲम्प आहे. त्याच्या स्पीकर आउटमधून थेट सिम्युलेटरमध्ये जाता येईल का?
४. पुढच्या महिन्यात वाशीला भावे नाट्यगृहात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे. ॲम्प न नेता एवढ्यावर भागेल का?

आयआर लोडर (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा मोजलेला ठसा डिजिटली लावणारं पेडल) घ्या असं सगळे सांगतात. ते कळतं, पण हातात आहे ते आधी नीट वापरायचं आहे.

खर्ज_आणि_पंचम

सगळ्यात आधी तिसरा प्रश्न, कारण त्यात ॲम्प जळू शकतो. नाही. ट्यूब ॲम्पच्या स्पीकर आउटला स्पीकर किंवा योग्य लोड (स्पीकरऐवजी ॲम्पची शक्ती पचवणारा रोध) जोडलेला नसताना एक सूरही वाजवायचा नाही. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज प्रचंड वाढतं, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन फुटतं. सिम्युलेटरचा इनपुट म्हणजे लोड नव्हे. त्याचा इनपुट इंपीडन्स हजारो ओम असतो, ॲम्पला हवे असतात ८. पामर पीडीआय-०९ सारख्या पॅसिव्ह पेट्या ॲम्प आणि कॅबिनेटच्या मध्ये लावायच्या असतात. स्पीकर जोडलेलाच राहतो. याचं सविस्तर खाली कोणीतरी लिहीलच.

आता पहिला प्रश्न. तुमचा सिम्युलेटर बिघडलेला नाही. तुमच्या साखळीत दोन सिम्युलेटर आहेत. अमेरिकन साउंड टेक २१ च्या सॅन्सॲम्प पठडीतला आहे. या पेडलांच्या सर्किटमध्ये ॲम्पच्या आवाजाबरोबर स्पीकरची गाळणीही आतच बांधलेली असते. त्यातून निघालेला आवाज थेट मिक्सरला द्यावा या हेतूनेच ते बनवलेले आहेत. त्यावर दुसरा सिम्युलेटर लावला की वरची पट्टी दोनदा कापली जाते.

हे का होतं ते थोडक्यात. गिटारचा १२ इंची स्पीकर फुल रेंज नसतो. सेलेशनच्या व्हिंटेज ३० साठी कंपनी ७० ते ५००० हर्ट्झ अशी पट्टी देते. खाली ७५ हर्ट्झच्या आसपास कोनचा रेझोनन्स, वर दोन ते चार किलोहर्ट्झच्या दरम्यान एक उंचवटा, आणि पाच किलोहर्ट्झनंतर कड्यासारखा सरळ उतार. डिस्टॉर्शन पेडल मात्र दहा-बारा किलोहर्ट्झपर्यंत हार्मोनिक्स तयार करतं. एरवी ती स्पीकरमध्येच मरतात. हेडफोनला ती सगळी ऐकू येतात, तीच तुमची चरचर. ॲनालॉग सिम्युलेटर म्हणजे हा उतार आणि हे दोन उंचवटे फिल्टरने घडवणं. बाकी जादू काही नाही.

म्हणून दोनपैकी एक रस्ता धरा:

- अमेरिकन साउंड चालू ठेवायचा, तर सिम्युलेटर बंद. 'व्हॉइस' (घड्याळाच्या काट्याप्रमाणे) साडेअकराच्या आसपास, ट्रेबल बारावरून थोडा खाली.
- सिम्युलेटर वापरायचा, तर अमेरिकन साउंड काढून त्या जागी स्पीकरची गाळणी नसलेला प्रीॲम्प पेडल. नुसता ओव्हरड्राइव्ह आणि सिम्युलेटर एवढ्यावर आवाज पोकळ लागतो, कारण ॲम्पचा टोन स्टॅक (बेस-ट्रेबलचं सर्किट) आणि पॉवर स्टेज यांचं काम कोणीच करत नाही. डिस्टॉर्शन आणि सिम्युलेटर एवढी जोडी मात्र चालते, डिस्टॉर्शनचा टोन नऊ-दहावर ठेवला तर.

खात्री करायची असेल तर डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) स्पेक्ट्रम दाखवणारा कुठलाही ईक्यू उघडा आणि खालच्या तारेवर पॉवर कॉर्ड वाजवा. सहा किलोहर्ट्झच्या पुढे आलेख आधीच कोसळलेला दिसला, तर साखळीत कुठेतरी गाळणी आहे. मल्टिइफेक्ट्सच्या हेडफोन आउटला आणि काही ॲम्पच्या लाइन आउटलाही ती असते, तिकडेही हाच घोटाळा होतो.

डिले सिम्युलेटरच्या आधी की नंतर यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आधी लावला तर प्रतिध्वनीही गाळून येतात, ॲम्पसमोर पेडल ठेवल्यासारखे. नंतर लावला तर जास्त स्वच्छ. पण सिम्युलेटर मोनो असेल आणि डिले स्टिरिओ, तर डिले नंतरच हवा. हेडफोनवर एक छोटा रूम रिव्हर्ब मात्र नक्की नंतर लावा. कॅबिनेटसमोर दोन इंचांवर ठेवलेला माइक खोली ऐकत नाही, सिम्युलेटरही ऐकवत नाही, त्यामुळे सगळं कानात घुसल्यासारखं वाटतं.

इंटरफेसची लेव्हल: सिम्युलेटरचा आउटपुट लो इंपीडन्सचा आहे, तेव्हा इनपुटवर 'इन्स्ट्रुमेंट' नको, 'लाइन' निवडा. गेन असा ठेवा की जोरात मारल्यावर शिखर -१० डीबीएफएसच्या आसपास राहील. इन्स्ट्रुमेंट इनपुट क्लिप झाला (क्षमतेपेक्षा जास्त सिग्नल येऊन लहर कापली गेली) की सिम्युलेटरने गाळलेली चरचर पुन्हा तयार होते, आणि दोष बिचाऱ्या पेडलवर येतो.

माइक_जरा_तिरका

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. माइकचा स्विच म्हणजे आत माइक वगैरे नाही, फिल्टरचा आकार बदलणं एवढंच.

खऱ्या माइकमुळे तीन गोष्टी होतात. शुअर एसएम५७ चा आलेख सहा किलोहर्ट्झच्या आसपास वर चढतो, त्यामुळे आवाज पुढे येतो. माइक जाळीला चिकटवला की प्रॉक्सिमिटीमुळे खर्ज फुगतो. आणि माइक डस्टकॅपच्या मध्यावरून कोनच्या कडेकडे सरकवला की तीन-चार किलोहर्ट्झपासूनचा भाग उतरतो. ॲनालॉग पेट्यांमध्ये यातली तिसरी गोष्ट बऱ्यापैकी जमते: 'मध्य'वर उंचवटा जास्त आणि उतार थोडा पुढे, 'कड'वर उंचवटा कमी आणि उतार अलीकडे. दोन कपॅसिटर किंवा एखादा रेझिस्टर आत-बाहेर केला की झालं. तुमच्याकडे गाळणी दोनदा लागत होती, म्हणजे वरचा भाग आधीच गेलेला. मग स्विच काय बदलणार? अमेरिकन साउंड काढून ऐका, फरक कळेल.

जे जमत नाही तेही सांगतो. खऱ्या कॅबिनेटच्या आलेखात असंख्य बारीक खड्डे असतात: कोनच्या वेगवेगळ्या भागांतून, कॅबिनेटच्या कडांवरून, जमिनीवरून येणारे आवाज माइकपाशी एकमेकांना कापतात. चार-पाच फिल्टरांत ते बसत नाहीत. आयआरमध्ये ते सगळं येतं, म्हणून आयआर जास्त 'रेकॉर्ड केल्यासारखा' लागतो. एकटी गिटार ऐकताना हा फरक कळतो. तबला, ढोलकी, दोन कीबोर्ड आणि गायक यांच्यात तो शोधून दाखवा.

उलट घरी ॲनालॉगचा एक फायदा कोणी बोलत नाही. आवाज इंटरफेसच्या आधीच तयार असतो, म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग वापरता येतं. प्लगिनमधला आयआर ऐकायचा तर सिग्नल संगणकातून फिरून यावा लागतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचेच ५.३ मिलिसेकंद. जुना लॅपटॉप असेल तर बफर आणखी वाढवावा लागतो. ॲनालॉगला हा प्रश्नच नाही.

किंमत अशी की रेकॉर्ड झालेला आवाज नंतर बदलत नाही. इंटरफेसला दोन इनपुट असतील तर सिम्युलेटरच्या आधी सिग्नल फोडून कोरा ट्रॅक दुसऱ्यात घ्या. नंतर त्यावर हवा तो आयआर लावा.

मिक्समध्ये मला तरी हे तीन बदल जवळजवळ नेहमी लागतात: ८० ते ९० हर्ट्झला हाय पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), ४०० हर्ट्झला तीन-चार डेसिबलची रुंद कपात (स्वस्त सिम्युलेटर इथे डबडबीत असतात), आणि तरीही चरचर उरली तर साडेसहा किलोहर्ट्झला लो पास (त्यावरचं कापणारा).

सोल्डरच्या_वासाचा

ट्यूब ॲम्पचं राहिलं होतं.

१५ वॅट ८ ओममध्ये म्हणजे जवळपास ११ व्होल्ट आरएमएस. लाइन लेव्हल +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. फरक १९ डेसिबलचा. म्हणजे लोड जोडलेला असला तरी ते ११ व्होल्ट थेट पेडलमध्ये घालू नका, ९ व्होल्टवरचा ऑपॲम्प (पेडलमधली सिग्नल हाताळणारी चिप) तिथेच क्लिप होईल. ज्या डीआयवर (सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी पेटी) २० आणि ४० डेसिबलचे पॅड (लेव्हल कमी करणारे स्विच) असतात (बेहरिंगर जीआय१०० त्यातलाच, त्यात ४ बाय १२ चा सिम्युलेटरही आहे) त्यावर २० चा पॅड घ्या. स्वतः करायचं असेल तर लोडच्या दोन टोकांवर १० किलोओम आणि १ किलोओमचा विभाजक. १ किलोओमवर साधारण १ व्होल्ट मिळतो.

लोड म्हणून ८ ओमचा, ॲल्युमिनियमच्या कवचातला वायरवाउंड रेझिस्टर, हीट सिंकवर पेस्ट लावून घट्ट बसवलेला. वॅटेज किमान ५०. ओव्हरड्राइव्ह झालेला १५ वॅटचा ॲम्प चौकोनी लहरीमुळे तीसच्या जवळ जाऊ शकतो, आणि या रेझिस्टरवर छापलेलं वॅटेज हीट सिंक गृहीत धरूनच असतं. पेटीला वर-खाली भोकं हवीत. ॲम्प ते लोड स्पीकर केबलच वापरा. शिल्ड असलेली गिटारची केबल तिथे तापते, आणि तुटली की ॲम्प पुन्हा विनालोड.

रेझिस्टिव्ह लोडवर ॲम्प थोडा सपाट लागतो. स्पीकरचे ८ ओम नावापुरतेच; रेझोनन्सपाशी तो कितीतरी पट वर जातो आणि वरच्या पट्टीत पुन्हा चढतो. ट्यूब ॲम्प त्या चढउतारांप्रमाणे खर्ज आणि धार वाढवतो. रेझिस्टरवर ते होत नाही. सिम्युलेटरने त्यातलं थोडं भरून निघतं, सगळं नाही.

सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरच्या) ॲम्पवाल्यांसाठी एक इशारा: काही ॲम्पचा आउटपुट ब्रिज असतो, म्हणजे स्पीकरचं कुठलंच टोक ग्राउंडला नसतं. त्यावर साधा डीआय लावला की एक बाजू मिक्सरच्या अर्थला शॉर्ट होते आणि ॲम्प जातो. अशा वेळी इनपुटला ट्रान्सफॉर्मर असलेलाच डीआय.

कोलशेतची_सहावी_तार

अमेरिकन साउंड काढून डिस्टॉर्शन थेट सिम्युलेटरला दिला. चरचर गेली आणि स्विचचा फरकही स्पष्ट कळतोय. आभार! मंचावर दोन आउटपुट लागतील म्हणून दुसरा सिम्युलेटर घरीच बनवावा म्हणतोय. टीएल०७४ पडून आहे. साधं सर्किट सुचवाल का?

सोल्डरच्या_वासाचा

एका टीएल०७४ मध्ये चार ऑपॲम्प, नेमके पुरतात. सगळे युनिटी गेन, म्हणजे उलटा (−) इनपुट थेट आउटपुटला.

पहिला, बफर: इनपुटला १०० नॅनोफॅरड, मग १ मेगओम सप्लायच्या अर्ध्या व्होल्टेजला.

दुसरा, हाय पास: १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर ओळीने. त्यांच्या मधल्या बिंदूपासून ऑपॲम्पच्या आउटपुटला ८.२ किलोओम, सरळ (+) इनपुटपासून अर्ध्या व्होल्टेजला ४७ किलोओम. छेद (जिथून फिल्टर कापायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) ८१ हर्ट्झ, क्यू (छेदापाशी फिल्टर किती टोकदार आहे त्याचं माप) १.२, त्यामुळे १०० हर्ट्झला सुमारे २.४ डेसिबलचा उंचवटा. बंद पाठीच्या कॅबिनेटचा धक्का इथून येतो.

तिसरा, लो पास: १५ किलोओमचे दोन रेझिस्टर ओळीने. मधल्या बिंदूपासून आउटपुटला १० नॅनोफॅरड, सरळ इनपुटपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. छेद ३.३५ किलोहर्ट्झ, क्यू १.५८, उंचवटा ३ किलोहर्ट्झला ४.४ डेसिबल.

चौथा, लो पास: १० किलोओमचे दोन, ४.७ नॅनोफॅरड आउटपुटला, ३.३ नॅनोफॅरड ग्राउंडला. छेद ४ किलोहर्ट्झ, क्यू ०.६.

तिसरा आणि चौथा मिळून ३ किलोहर्ट्झला साधारण २ डेसिबल वर, ५ ला १० खाली, १० किलोहर्ट्झला जवळपास ३५ खाली. 'कड' हवी असेल तर तिसऱ्याच्या १ नॅनोफॅरडला स्विचने आणखी २.२ नॅनोफॅरड समांतर जोडा. क्यू ०.९ वर येतो, छेदही दोन किलोहर्ट्झच्या खाली सरकतो. जास्त अंधार वाटला तर २.२ ऐवजी १ लावा.

आउटपुटला १० मायक्रोफॅरड, मग ४७० ओम, मग १० किलोओमचा लॉग पॉट. अर्धं व्होल्टेज १० किलोओमच्या दोन रेझिस्टरांतून, तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड. आयसीच्या ४ आणि ११ नंबरच्या पायांवर अगदी जवळ १०० नॅनोफॅरड. सप्लायला ओळीत एक १एन५८१७, म्हणजे उलट अडॅप्टर लावला तरी आयसी वाचतो.

चुका कुठे होतात: तिसऱ्या टप्प्यातले १० आणि १ नॅनोफॅरड उलटे लागले तर क्यू ०.१६ होतो आणि साडेपाचशे हर्ट्झपासूनच आवाज उतरायला लागतो. गोधडीखाली ॲम्प ठेवल्यासारखं ऐकू आलं तर आधी हेच तपासा. हाय पासमधले दोन रेझिस्टर उलटे लागले तर खर्ज गायब. फिल्टरचे कपॅसिटर पॉलिस्टरचेच घ्या. पिवळट सिरॅमिक डिस्क १० नॅनोफॅरडची म्हणून घेतली तरी प्रत्यक्षात सात भरू शकते, आणि छेद कुठेही जातो. कपॅसिटर मोजता येणारा मल्टिमीटर असेल तर मोजूनच लावा. ९ व्होल्टवर शिखराला जेमतेम तीन-साडेतीन व्होल्ट मिळतात, त्यातून ४.४ डेसिबल उंचवट्याने खाल्ले. डिस्टॉर्शनची लेव्हल बारापर्यंतच ठेवा, नाहीतर सप्लाय १८ व्होल्ट करा. टीएल०७४ ला चालतो, इलेक्ट्रोलिटिक मात्र २५ व्होल्टचे हवेत.

पेटी धातूचीच. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतील, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. तिथे पॉलिस्टर मागताना व्होल्टेजही सांगा, नाहीतर ६३० व्होल्टचे धिप्पाड हातात पडतात आणि पेटीत मावत नाहीत.

साउंडवाला_सीवूड्स

चौथा प्रश्न. हो, भागेल. पण सिम्युलेटरचा आउटपुट थेट लांब केबलने मिक्सरपर्यंत ओढू नका. मंचावरच डीआयमध्ये द्या, तिथून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल). पेडललाच एक्सएलआर आउट असेल तर फँटम (मिक्सर माइकसाठी त्याच केबलमधून पाठवतो ते ४८ व्होल्ट) त्यावर चालतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. तसं लिहिलेलं नसेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय टाका, तो ४८ व्होल्ट अडवतो.

हम आला तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थ पिन तोडू नका, कार्यक्रम कितीही घाईचा असो. ५० हर्ट्झचा गुळगुळीत हम बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा. लाइट डिमरचा बझ खरखरीत असतो आणि लिफ्टने जात नाही. त्यासाठी गिटारची केबल डिमरच्या वायरपासून लांब, आणि सिंगल कॉइल पिकअप असेल तर उभं राहायची दिशा बदला. डिजिटल पेडल आणि हा सिम्युलेटर एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडलांना वीज देणारी वायर) असतील तर किणकिण येते. सिम्युलेटरला वेगळा सप्लाय द्या, ॲनालॉग असल्याने करंट फार खात नाही.

मंचावर मागे गिटार ॲम्पही ठेवणार असाल तर सिग्नल सिम्युलेटरच्या आधी फोडा: एक पाय ॲम्पला, दुसरा सिम्युलेटरमधून मिक्सरला. सिम्युलेटरनंतरचा आवाज गिटार कॅबमध्ये घातला तर तुमची पहिली अडचण तिथेही उभी राहते. ॲम्पला माइकही लावला तर दोन्ही चॅनल एकत्र करताना जपून. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर तो साधारण ०.९ मिलिसेकंद मागे असतो, आणि ५७० हर्ट्झच्या आसपास गिटार पोकळ होते. डिजिटल मिक्सर असेल तर डीआय चॅनलला तेवढा डिले. ॲनालॉग मिक्सर असेल तर दोघांपैकी एकच वर ठेवा.

आणि घरी हेडफोनवर लावलेला टोन तसाच आणू नका. हळू ऐकताना खर्ज आणि धार दोन्ही कमी वाटतात म्हणून आपण ते वाढवतो. सभागृहात तेच अंगावर येतं. साउंडचेकला सिम्युलेटर 'कड'वर ठेवून सुरू करा, खर्ज दोन घरं कमी.

कोलशेतची_सहावी_तार

मिक्सर ॲनालॉग आहे असं आयोजकांनी सांगितलंय, तेव्हा ॲम्प नेत नाही. एकच शंका: मॉनिटरमध्ये गिटार मागताना साउंडवाल्याला वेगळं काही सांगावं लागेल का?

साउंडवाला_सीवूड्स

ईक्यू न लावता द्या, एवढंच. बरेच जण डीआयवरची गिटार म्हटली की सवयीने दहा किलोहर्ट्झ वाढवतात. तुमच्या सिम्युलेटरनंतर तिथे गिटार उरलेलीच नसते, फक्त हिस वर येतो.